मिठागराच्या दारापाशी

(शनिवार, सकाळचे सव्वादहा. दोघी फोनवर.)

रुचिरा : मावशी, फोन ठेवू नका ना! कमरेपर्यंत गेलाय तो. मघाशी गुडघ्यापर्यंतच होता!

सखुबाई : नाय ठेवत. आदी श्वास घे. कोन गेला?

रुचिरा : आमचा पाहुणा, हेंड्रिक. अंधेरीला परिषद चाललीय ना, जगभरच्या जुन्या कालव्यांची. त्यातल्या सहा जणांना खाडी दाखवायची म्हणून मी तुमच्या गोराईला आले होते, आठवतंय?

सखुबाई : आठवतं. आमची होरी नको म्हनालीस. मावऱ्याचा, मासलीचा वास येतो म्हनून.

रुचिरा : प्लीज मावशी, आता नको ना ते!

सखुबाई : बरं. कुठं हाय तुमी?

रुचिरा : जुन्या मिठागराच्या दारापाशी. पाणी आत घ्यायचं ते लाकडी दार आहे ना, ते. हेंड्रिकला ते जवळून बघायचं होतं. होडी रुतून बसली, तर हा उतरलाच की सरळ!

सखुबाई : उतरला? ओहोटीला खारीत उतरला?

रुचिरा : चाळीस वर्षं कालव्यांवर काम केलंय त्याने. तिकडे त्याच्या देशात कालव्याचा तळ घट्ट असतो म्हणे. आणि पाणी जात नाही कुठे, असतं तिथेच असतं.

सखुबाई : आनि तुमचा होरीवाला काय करतो?

रुचिरा : तो तलावातला बोटिंगवाला आहे. माझ्यापेक्षा जास्त त्याची फाटलीय. मावशी, मागच्या शनिवारी आठलाच निघून बघितलं होतं आम्ही. मस्त भरलेली होती खाडी. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत आजचीही वेळ मी आठचीच छापली.

सखुबाई : अगो बाय! भरती रोज पाऊन तास उशिरा येते. आठवड्यानं सगलं उलटं होतं.

रुचिरा : मला काय माहीत! दिंडोशीत वाढलेय मी, मला फक्त नळाच्या पाण्याची वेळ माहितीय. मदत निघालीय, पण तास लागेल म्हणतात. तोवर पाणी चढेल ना? होडी तरंगेल ना?

सखुबाई : होरी तरंगंल. तो नाय तरंगनार.

रुचिरा : म्हणजे?

सखुबाई : चिखल पाय सोरत नाय, पोरी. आनि पानी आता फिरलंय.

रुचिरा : मावशी, असं नका ना बोलू...

सखुबाई : ऐक. हात धरून खेचताव काय त्याला?

रुचिरा : दोघं खेचतायत.

सखुबाई : थांबव! खांदा निखळंल, पाय नाय निघनार. होरीतल्या बसायच्या फल्या काढा, टाका त्याच्या पाठीमागं. त्याला सांग, उताना हो. झोपतो तसा.

रुचिरा : नाही म्हणतोय. आडवा झालो तर बुडेन म्हणतो.

सखुबाई : उभा राहिला तर बुडंल. सांग त्याला.

रुचिरा : सांगितलं... होतोय. टेकली पाठ फळीला.

सखुबाई : आता एकच पाय. हलू हलू हलवायचा, पायाभवती पानी शिरू दे. घाई नाय करायची.

रुचिरा : मावशी, पाणी आलं! कानाला लागतंय त्याच्या!

सखुबाई : येनारच. आमी निघालोय. माझा पोरगा प्रीतम वल्हवतोय. वीस मिंटं दे मना.

रुचिरा : तो विचारतोय, इथे पाणी किती चढतं. काय सांगू?

सखुबाई : गुडघाभर सांग.

रुचिरा : हुश्श. गुडघाभरच ना?

सखुबाई : दोन पुरुष उंच चढतं. तू गुडघाभर सांग.

रुचिरा : ...सांगितलं. हसला. थँक्यू म्हणाला मला. मावशी, मला भीती वाटतेय खूप.

सखुबाई : मना पन वाटते. पाय कुठवर आला?

रुचिरा : घोटा दिसतोय... आला! उजवा आला! बूट राहिला आत.

सखुबाई : जाऊ दे बूट. पाय फलीवर ठेवा, परत खाली नको. आता डावा.

रुचिरा : तोंडावर पाणी येतंय त्याच्या. मी डोकं वर धरलंय.

सखुबाई : तू? तू उतरलीस काय?

रुचिरा : फळीवर पालथी आहे. फोन होडीवाल्याने धरलाय.

सखुबाई : पाय खाली नको टाकू, ऐकलंस? रुचिरा? रुचिरा! प्रीतम, जोरानं मार रे वल्हं! पोरी, बोल गो कायतरी!

रुचिरा : सुटला.

सखुबाई : काय?

रुचिरा : सुटला, मावशी. दोन्ही पाय. होडीत घेतलं त्याला. मी पण आले वर.

सखुबाई : आई एकवीरे... दिसताव आता तुमी मना. तू अशी वाकून का उभी? बस की.

रुचिरा : बसता येत नाहीये. माझा हात धरलाय त्याने, सोडतच नाहीये. सारखा थँक्यू म्हणतोय. वेळ मीच चुकीची ठरवली, हे त्याला माहीत नाही.

सखुबाई : मग सांग की.

रुचिरा : आत्ता?

सखुबाई : आत्ता. पन हात नको सोरू.