इयत्ता नववीच्या मुली पळवल्याबाबत

मी, जीवन त्र्यंबक गायधनी, वय ४९ वर्षे, व्यवसाय शारीरिक शिक्षण शिक्षक, राहणार जुने सिडको, नाशिक, आज दिनांक ११ डिसेंबर १९९७ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष बसून, हवालदार झुंबर पगार यांनी विचारल्यावरून, कोणाच्याही दडपणाखाली न येता सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. अंबड औद्योगिक वसाहतीच्या सन्निध असलेल्या एका माध्यमिक विद्यालयात मी बावीस वर्षे अध्यापन करीत आहे. माझा विषय शारीरिक शिक्षण असल्यामुळे त्यास सामान्यतः विषय समजले जात नाही. माझा तास गणिताच्या शिक्षकांस लागतो, विज्ञानाच्या शिक्षकांस लागतो, आणि कोणासच लागला नाही तर पावसास लागतो. विद्यालयास प्रशस्त क्रीडांगण आहे. त्यावर तूर्त लग्नसराईचा मंडप आहे. सबब क्रीडांगणावरील विद्या मी रस्त्यावर आणली, हे मला मान्य आहे.

हवालदारांनी या ठिकाणी "मास्तर, मुद्द्याचं बोला" असे सुचविले. मुद्दा पुढीलप्रमाणे आहे.

येत्या रविवारी देवळाली कॅम्प येथे शालेय मुलींची क्रॉसकंट्री स्पर्धा आहे. तीत माझ्या विद्यालयातर्फे इयत्ता नववीतील पाच मुली सहभागी होणार आहेत. पैकी कुमारी दिशा चिमाजी डेमसे, राहणार पाथर्डी गाव, ही सर्वांत वेगवान आहे. तिच्या मागोमाग कुमारी सितारा शेख ही येते, परंतु "दिशा असली तरच मी येणार" असे तिचे म्हणणे आहे. उर्वरित तिघी सितारा असली तरच येणार आहेत. म्हणजे संपूर्ण संघ एका मुलीच्या दोन पायांवर उभा आहे, व त्या मुलीने घरी "गणिताचा जादा तास आहे" असे सांगितले आहे, ही बाब मला आज प्रथमच समजली. तास जादा होता हे खरे आहे. गणिताचा नव्हता.

यापूर्वीही एक विद्यार्थिनी विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचली होती. दहावीच्या सुट्टीत तिच्या वडिलांनी तिचे धावणे बंद केले. तिचे नाव या प्रकरणी आवश्यक नाही. ती हल्ली घोटी येथे असते. गतवर्षी बाजारात दिसली तेव्हा तिच्या एका कडेवर मूल व दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी होती, तरी मी तिला गाठू शकलो नाही.

आज सकाळी सात वाजता मी पाचही मुलींना विद्यालयाच्या फाटकापाशी एकत्र केले व पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत येण्याची आज्ञा दिली. मी स्वतः सायकलवर मागे होतो. निघताना फाटकावरील शिपाई केरू यास मी म्हणालो, "केरू, कोणी विचारणा केल्यास सांग, मुलींचे पलायन सुरू झाले आहे."

हवालदारांनी "असा शब्द का वापरला?" असे विचारले, त्याचा खुलासा करतो. आम्ही मराठीत "मी मुलींना पळवतो" असे म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात क्रीडेव्यतिरिक्त विचार येतात. म्हणून आरंभी मी "धावन" हा निर्दोष संस्कृत शब्द योजिला होता. "मुलींचे धावन चालू आहे" असे केरूने एका पालकांस सांगितले. संस्कृतात धावन म्हणजे धावणे तसेच धुणे, व दंतधावन हा शब्द त्या पालकांस ठाऊक होता. त्यांनी शाळेत येऊन "माझ्या मुलीला घरी दात घासायची सवय आहे" असे मुख्याध्यापकांस सांगितले. सबब मी पर्यायी शब्द घेतला. त्याचाही वाच्यार्थ पळणे असाच आहे. त्याचा लोकांत रूढ असलेला अर्थ माझ्या ध्यानात आला नाही.

पुढील हकीकत मला केरूकडून समजली ती अशी. साडेसातच्या सुमारास फिर्यादी चिमाजी डेमसे हे मार्केटात कोथिंबीर टाकून परत जाताना, मुलगी डबा विसरली म्हणून तो देण्यास फाटकापाशी आले. त्यांनी दिशा कोठे आहे असे विचारले. पलायन हा शब्द सामान्य माणसास कळणार नाही या कळकळीने केरूने त्याचे भाषांतर केले.

"पोरी पळाल्या," केरू म्हणाला.

"कुठं?"

"पांडवलेण्याकडं. गायधनी सर बी संगंच गेले."

"आन् तू बघत ऱ्हायला?"

"रोजच जातेत की. लय दिवसांचं चाललंय. आज जरा लांब जानार म्हनले."

चिमाजी डेमसे यांनी सायकल तिथेच टाकली व डब्यासह रिक्षाने ते या ठाण्यात आले.

मी पायथ्याशी मुलींना श्वसनाचे व्यायाम देत असताना पोलिसांची जीप आली. तीतून हवालदार पगार उतरले. आमच्यात पुढील संभाषण झाले.

"या पोरी तुम्हीच पळवल्या का?"

"होय," मी म्हणालो.

"कबूल करता?"

"कबूल काय, अभिमान आहे. बावीस वर्षे पळवतो आहे."

हवालदारांनी चालकाकडे पाहिले. "बावीस वर्षं? आधी कुठं पळवायचे?"

"शाळेच्या मैदानावर. हल्ली रस्त्यावर पळवतो. डांबरामुळे त्यांचे पाय दुखतात, परंतु इलाज नाही."

"यात आणखी कोण आहे?"

"हिंदीच्या साधनाबाई होत्या. गुडघ्यांमुळे त्यांनी सोडले."

"या दिशाच्या बापाला विचारलं होतं?"

"नाही. विचारले असते तर त्यांनी पळवू दिली नसती."

येथे हवालदारांनी माझे मनगट धरले. ही सर्व उत्तरे मी दिली हे सत्य आहे, व त्यांतील एकही असत्य नाही, हीच माझी अडचण आहे.

हवालदारांनी मला जीपमध्ये बसविले. सायकल मागे बांधली. मुलींना बसविता येईना, कारण सोबत महिला पोलीस शिपाई नव्हती. ठाण्यात एकच महिला शिपाई असून ती बंदोबस्तास गेली होती. मुलींना महामार्गालगत सोडून येण्यास मी ठाम नकार दिला. त्यावर हवालदार वैतागून म्हणाले, "मग येऊ द्या मागून पळत." ही आज्ञा त्यांची आहे, माझी नाही, याची नोंद व्हावी. मुलींनी ती आनंदाने स्वीकारली.

जीप सुरू होईना. मुलींनी ती ढकलली व ती सुरू झाल्यावर त्या तिच्या मागे धावू लागल्या. पाथर्डी फाट्यापाशी उसाचा एक ट्रक आडवा होऊन बंद पडला होता. जीप थांबली. मुली बाजूच्या कच्च्या वाटेने पुढे निघाल्या. मी जीपच्या मागच्या भागातून "खांदे सैल, श्वास नाकाने" अशी सूचना केली असता हवालदार म्हणाले, "आरोपीनं शिकवायचं नाही." सिताराने मागे वळून "सर, तुम्ही या सावकाश" असे सांगितले. माझ्या सेवाकाळात असे मला प्रथमच कोणी सांगितले.

ट्रक बाजूला झाल्यावर आम्ही ठाण्यात आलो. पाचही मुली बाकावर बसल्या होत्या. दिशाचा श्वास पूर्ववत झालेला होता. समोर तिचे वडील डबा छातीशी धरून उभे होते. ते दोघे माझ्या समक्ष बोलले ते असे.

"कशी आली तू?"

"पळत, नाना."

"गाडी कुठंय?"

"मागं ऱ्हायली."

चिमाजी डेमसे यांनी बाहेर जाऊन जीप पाहिली व ते परत आले. "गणिताचा तास म्हनली होती."

दिशा खाली पाहत होती. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही नाय म्हनले असते."

"उद्यापास्नं शाळा बंद," ते म्हणाले. नंतर त्यांनी डब्याचे झाकण स्वतः उघडून डबा तिच्या मांडीवर ठेवला. "आधी खा."

डब्यात भाकरी व मेथीची भाजी होती. ती पाच जणींनी खाल्ली. मी या प्रसंगी देवळालीचा विचार करीत होतो असे हवालदारांना वाटले असावे. मी घोटीचा करीत होतो.

त्यानंतर हवालदार पगार हे फिर्यादीस म्हणाले, "डेमसे, आज बाई शिपाई असती तर पोरी गाडीत आल्या असत्या. भरतीला पोरी येतात, पण पळण्यात नापास होऊन घरी जातात. आम्ही बाया आणायच्या कुठून?"

"पोलिसात पळनाऱ्या पोरी घेतेत?"

"पळणाऱ्याच घेतात."

चिमाजी डेमसे यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "साहेब, दिवाळीत माझ्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. तुम्हीच आले होते."

"आलो होतो."

"चोर दिसला, पन पळून गेला म्हनले तुम्ही."

"पळालाच तो. लय चपळ होता."

"हिच्या म्होरं पळाला असता का?"

हवालदारांनी दिशाकडे पाहिले, मग उघड्या दारातून जीपकडे पाहिले. "नाही," असे ते म्हणाले. कायद्याच्या रक्षकाकडून इतके निःसंदिग्ध उत्तर मी आजवर ऐकलेले नाही.

"मी धरला असता, नाना," दिशा भाकरी खात म्हणाली.

"तू गप. खोटं बोलनारीला पोलिसात घेत नाय कोनी." नंतर ते हवालदारांच्या टेबलापाशी गेले. "लिहा साहेब. माझी पोर मास्तरनं पळवली, माझी काय हरकत नाय. रविवारी देवळालीला बी पळवा म्हनावं. पन मी संगं येनार, आन् कुठं पळवतेत ते डोळ्यांनी बघनार."

हवालदारांनी "असं लिहिता येत नाही" असे सांगितले. फिर्यादी "मग कसं लिहायचं?" असे म्हणाले. त्यावर मी "धावन प्रशिक्षणास पालकाची अनुमती" अशी शब्दयोजना सुचविली. चिमाजी डेमसे यांनी ती पुन्हा म्हणावयास लावली व "ते नको, त्यात पोर कुठंच नाय" असे सांगितले.

मी कोणासही फूस लावलेली नाही. रविवारी सकाळी मी, फिर्यादी व पाच मुली देवळालीच्या बसने जाणार आहोत. केरू यास यापुढे कोणताही निरोप देणार नाही.

हा माझा जबाब हवालदार पगार यांनी माझ्या शब्दांत लिहून घेतला, जेथे माझे शब्द त्यांना लिहिता आले नाहीत तेथे थांबून विचारले, व अखेरीस मोठ्याने वाचून दाखविला. तो खरा आहे. "पळवल्या" या शब्दाऐवजी "धावविल्या" अशी दुरुस्ती मी प्रारंभी मागितली होती. ती मागे घेतो. मुली मीच पळवल्या.