पाठीवर पंजा मीच ठेवला होता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर स्थानापन्न झालेले आमचे मालक आणि व्यवस्थापक साहेब, फोर्ज शेडचे सुपरवायझर, ज्यांच्यासाठी आज भट्ट्या लवकर विझवल्या ते आमचे मिस्त्री, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला पाठ लावून उभे असलेले माझे सगळे सहकारी, आपणां सर्वांना नमस्कार.

मिस्त्रींच्या या निरोप समारंभात त्यांच्याबद्दल चार गोड शब्द बोलायची आज्ञा मला झाली आहे. आमच्या शेडमध्ये कॉलेजचं तोंड पाहिलेला मी एकटाच. ते मी मध्येच सोडलं, पण पाहिलं तर खरं. म्हणून मघाशी वाचून दाखवलेलं मानपत्रही माझ्याकडूनच लिहून घेतलं. त्यातलं 'क्षणिक अनवधानामुळे झालेल्या अपघातानंतर' हे वाक्य तेवढं माझं नाही. ते व्यवस्थापक साहेबांनी सांगितलं, मी उतरवून घेतलं. उतरवताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं, म्हणून दुसरा कागद मागितला.

गोड शब्द मी बोलणार आहे. त्याआधी ऑफिसातल्या मंडळींना आणि आज आलेल्या घरच्या माणसांना आमचं काम थोडं सांगतो, कारण त्यातले बरेच जण आमच्या शेडच्या दारापर्यंतच आलेले असतात. कानावर हात ठेवून तिथूनच परत जातात, त्याला आम्ही नावं ठेवत नाही.

आमच्याकडे तापून लाल झालेलं लोखंड हॅमरखाली धरतात. वरून जो ठोकळा येतो त्याला आम्ही रेडा म्हणतो. सांडशीत लोखंड धरणारा तो मिस्त्री, आणि पेडलवर पाय ठेवून रेडा खाली सोडणारा तो हॅमरवाला, म्हणजे मी. रेडा पडतो तेव्हा जमिनीचा हादरा दातांपर्यंत येतो. काही ऐकू येत नाही. सगळा कारभार मानेच्या हालचालीवर. मिस्त्रींनी हनुवटी खाली केली की मारायचं, वर केली की थांबायचं. सुरुवातीला मी उगाच जोरात मारायचो. तेव्हा एकदा जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री मला म्हणाले, "लेका, लोखंडाने तुझं काय घोडं मारलंय? त्याला आकार द्यायचाय, त्याचा जीव घ्यायचा नाही."

मारून मारून खालच्या साच्यात जळक्या लोखंडाच्या खपल्या साठतात. त्या हाताने पुसाव्या लागतात. हात रेड्याखाली घालावा लागतो. त्यासाठी आमची एक रीत आहे. हॅमरवाल्याने रेडा वर न्यायचा, पेडलवरून उतरायचं, रेड्याखाली जाड लोखंडी टेकू उभा करायचा, आणि मग मिस्त्रीच्या पाठीवर पंजा ठेवायचा. पंजा पडला म्हणजे टेकू लागला. मिस्त्री वळून बघत नाही. वळून बघितलं तर तो हॅमरवाल्याचा अपमान समजतात. इतक्या वर्षांत आमच्या मिस्त्रींनी कुणाचाच असा अपमान केला नाही.

सुपरवायझर साहेब, हाताने खुणा करू नका. मी विषयावरच आहे.

त्या दिवशी काय झालं, ते तुम्हां सगळ्यांना माहीत आहे असं तुम्हांला वाटतं. मिस्त्रींनी पंजाची वाट न बघता हात घातला, आणि रेडा आला. चौकशीत असंच ठरलं. का ठरलं? कारण मिस्त्री स्वतः तसं म्हणाले.

ते खोटं बोलले. आयुष्यात एकदाच बोलले असतील आणि तेही माझ्यासाठी.

पंजा पडला होता. मी ठेवला होता. आधी पंजा, मग टेकू. वेळ वाचतो म्हणून आम्ही बरेच हॅमरवाले असं करायचो. इथे उभे आहेत त्यांनी आता बुटांकडे बघू नये. एका हाताने मी त्यांच्या पाठीवर पंजा ठेवला, दुसऱ्या हातात टेकू होता. ते वाकले. आणि माझ्या मागून आमचा फिटर, ज्याला सगळे बोका म्हणतात, कानाला तोंड लावून बोलला, "ऐकलंस का? तुझ्या तपासणीवालीचं लग्न ठरलं. आता तू बस भट्टी फुंकत."

थट्टाच होती. तयार माल तपासणाऱ्या विभागातल्या एका मुलीवर माझा जीव होता एवढंच खरं, तिचं लग्नबिग्न काही ठरलेलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा लोखंड वितळलं. रेड्याखाली उभा करायचा तो टेकू मी दोन्ही हातांनी उचलला आणि बोक्याच्या कवटीच्या रोखाने हाणला. तो खाली वाकला म्हणून आज इथे बसला आहे. टेकू खांबावर आपटला, माझ्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. मी त्याची कॉलर धरून त्याचं तोंड खांबावर आपटलं, त्याने माझ्या पोटात गुडघा घातला, आणि आम्ही दोघे एकमेकांना ओरबाडत पेडलवर कोसळलो.

रेडा एकदाच आला.

मी पुष्कळ आवाज ऐकलेत. त्या ठोक्याचा आवाज मात्र निराळा होता. खाली लोखंड नव्हतं ना. मिस्त्री ओरडले नाहीत. साच्याकडे बघत उभे राहिले, जणू सांडशी कुठे ठेवली ते आठवत नाहीये. मग ते गुडघ्यांवर बसले. मी रेडा वर नेला तेव्हा साच्यात जे होतं त्याला हात म्हणता येत नव्हतं. आजूबाजूच्या तापलेल्या लोखंडावर रक्त चरचरत होतं. आणि त्यांच्या शर्टावर, पाठीच्या बरोबर मधोमध, माझ्या पंजाचा काळा ठसा होता. दवाखान्यात तो शर्ट कापून फेकून दिला.

बोक्या, तू मान खाली घालू नकोस. तू बोललास, मारायला मीच गेलो. चौकशीत आपण दोघांनीही तोंड उघडलं नाही, आणि तिसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "मिस्त्री, साहेबांना असं का सांगितलंत?"

ते म्हणाले, "तू डोक्याने तापट. तुला पोलिसांनी धरलं की तू तिथेही कुणाला तरी फोडशील. मग काही सुटत नाहीस."

"पण चूक माझी आहे."

"ते मला ठाऊक आहे की. माझ्या पाठीला ठाऊक आहे. हात तर गेलाच, आता आणखी एक माणूस कशाला वाया घालवायचा? जा, आईला सांग जेवायला वाढ म्हणून."

मी गेलो, आणि जेवलो. त्याची लाज मला आजही वाटते, की मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

पुढचं ऐका. मिस्त्रींनी कारखान्याला एकच गोष्ट मागितली होती. नव्या हॅमरवाल्यांना शिकवायचं काम. त्याला दोन हात लागत नाहीत. कारखान्याने नाही म्हटलं. कारण काय दिलं? जो माणूस पंजाशिवाय हात घालतो, तो पोरांना काय शिकवणार? काकूंनी मला हे दारातच सांगितलं. म्हणाल्या, "हात गेला तेव्हा ते रडले नाहीत रे. लोक म्हणतात पंजाशिवाय हात घातला, ते ऐकून मात्र उशीत तोंड घालून रडतात." काकूंना तेव्हा खरं काय ते माहीत नव्हतं. मला चहा करून दिला त्यांनी. काकू, तो चहा मी तुमच्या मोरीत ओतला होता.

मधल्या काळात मशीन शॉपच्या एकाने चहाच्या टपरीवर मिस्त्रींच्या थोट्या हाताची नक्कल केली. मी त्याचे दोन दात पाडले. तुम्ही माझी पाठ थोपटलीत, मिस्त्रींचा खरा चेला म्हणालात. मित्रहो, तो ठोसा मला स्वतःला मारायचा होता. स्वतःच्या तोंडावर तेवढ्या जोरात मारता येत नाही, मी घरी करून बघितलंय.

व्यवस्थापक साहेब, माईकची वायर सोडा. सोडा म्हणतो. आज मला कुणावर हात उचलायचा नाही, तेवढी मदत करा.

तिसऱ्या रांगेत तपासणी विभागातली ती व्यक्ती बसली आहे. नाव घेणार नाही. अपघातानंतर तिने मला विचारलं होतं, "तू पंजा ठेवला होतास का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग स्वतःला कशाला जाळतोस?" आणि तिने तिच्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली. त्या आधी वर्षभर ती माझ्याशी धड बोललीही नव्हती. आमचं जे काही सुरू झालं ते त्या 'नाही'वर. मला ते इतकं हवं होतं की एका माणसाचा हात आणि नाव दोन्ही त्याखाली गेलं तरी मी गप्प बसलो. तुला आता उठून जायचं असेल तर जा. मी मागे येणार नाही, वाटेत अडवणार नाही.

मिस्त्री, तुम्ही मान हलवताय, हनुवटी वर करताय. मला दिसतंय. थांब म्हणताय. तुमची ही एकच खूण मी आज मोडतो आहे.

अध्यक्ष महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. मानपत्रातलं ते वाक्य आत्ता, या सभेसमोर खोडावं. आणि हा निरोप रद्द करावा. पंजा पडल्यावर न बघता हात घालणारा माणूस आमच्या शेडमध्ये चुकलेला नसतो. उद्यापासून नवी पोरं त्यांच्याकडे द्या आणि पहिल्याच दिवशी माझी गोष्ट त्यांना सांगू द्या, माझ्या नावासकट. मला काढायचं तर काढा, पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. मी दारातच उभा राहीन, आणि पोलिसांशी नीट वागेन, मिस्त्री. शब्द देतो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, कुणी कुणी शांतपणे नाही घेतलंत, त्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वावगा गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला.

मिस्त्रींच्या हाताचं मात्र पोटात घालू नका.