जाळ बाहेर, तोटी आत

चौऱ्याहत्तर सालचा मार्गशीर्ष, रविवारची सकाळ. घरात हजर कोण कोण, तर मी, माझे मालक, ते पलटणीत हवालदार, तवा सुट्टीवर आलेले, आणि आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई. आणि न्हाणीच्या दारात अडकलेला तांब्याचा बंब.

माझं माहेर वाईचं, घाटाजवळ. लग्न होऊन कोरेगावात आले ती या दोन खोल्यांत. मालक वर्षातनं एकदा येणार, म्हणून घरातलं काय कुठं ठिवायचं आणि कवा करायचं ते मीच ठरवायची, काम लिहून ठिवायची, झालं की खोडायची. आत्याबाईंचे गुडघे धरले तसं त्यांना आंघोळ घालायचं कामही माझ्याकडं आलं. चुलीवर हंडा तापवायचा, पाणी न्हाणीत न्यायचं, त्यांच्या अंगावर घालायचं. जन्मभर शेतात राबलेली बाई, पण पाणी घालताना तोंड भिंतीकडं करून बसायच्या, एक शब्द बोलायच्या न्हाईत. एकदा एवढंच म्हणाल्या, पोरी, माझं मला न्हाऊ दे गं. म्हणून बंब घ्यायचा ठरला. तोटी हाताशी असली, शेजारी गार पाण्याची बादली भरून ठिवली, की बसल्या जागी त्यांचं त्यांना उरकता येणार.

आता काय सांगू तुमाला, मी मालकांना बजावलं होतं, आवं, लहान बघा, दोघींपुरता. ते साताऱ्याहून एस.टी.च्या टपावर टाकून हा एवढा घेऊन आले. आत्याबाई म्हणाल्या, काय रं, पलटण न्हाणार हाय का हितं? मालक म्हणाले, दार मोजूनच आणलाय. सुतळीनं मोजलं होतं खरं, पण बंबाचं पोट मोजलं, कड्या मोजल्याच न्हाईत. कड्या दोन्हीकडं चौकटीला लागल्या. मग म्हणाले, सोप्यात ठिवू, आल्यागेल्याला दिसंल. मी म्हणाले, आल्यागेल्यासमोर आत्याबाई न्हाणार व्हय?

तसंही न्हाणीला धुराडं न्हाई, आत जाळ घातला असता तर माणूस घुसमटलं असतं. शेवटी मी जागा दाखवली. परसात, वळचणीखाली, न्हाणीच्या भिंतीला लागून. जाळ बाहेर, तोटी आत. तांबटाकडनं तोटीला हातभर नळी जोडून आणली, मालकांनी पहारीनं मातीच्या भिंतीला भोक पाडलं, तेबी ऐसपैस. दुसऱ्या दिवशी आत्याबाई आत गेल्या आणि कडी घातली.

मी बाहेर बंबात उसाची चिपाडं सारत बसले, पण जीव थाऱ्यावर न्हाई. ओला दगड, धरलेले गुडघे, आतनं कडी, पडल्या तर कळणार कसं? तेवढ्यात नळीभोवतीच्या भोकातनं आवाज आला, अगं जाळ कमी कर, सोलायचं हाय का मला?

त्याला आता चार वर्षं झाली. आत्याबाई रोज एकट्या न्हातात, आणि भोकातनं चालूच असतं, लय गरम हाय, साबण संपला, शेजारीण काय म्हणत होती. गप झाल्या की मी हाक मारते. त्या म्हणतात, हाय गं, हाय अजून. मालक दर सुट्टीला माती कालवायला निघतात, म्हणतात, म्हातारीला वारं लागतंय, भोक लिंपून टाकतो. मी म्हणते, आवं, पुढच्या सुट्टीत. बाकीची कामं खोडून झाली, तेवढं एक राहिलंय.