पडद्याच्या मागची बाजू

सन्माननीय अध्यक्ष हितेंद्र वालावलकरसाहेब, प्रमुख पाहुण्या कालिंदीताई, आजचे सत्कारमूर्ती सौमित्र परुळेकर, आणि पंख्याखाली जागा मिळाली नाही म्हणून माझ्यावर फुगलेल्या माझ्या लालबागकरांनो,

मी तात्या. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण गिरणीत आणि गणपतीच्या मांडवात. कालिंदीताई आत्ता सौमित्ररावांना ‘प्रयोगशील दिग्दर्शक’ म्हणाल्या. आम्ही त्या काळी काय म्हणत होतो, ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही!

गिरण्यांच्या संपानंतरची गोष्ट. या मुलाने चार वर्षं खपून चाळीतल्या माणसांचा सिनेमा केला होता. त्यात गोष्ट नाही, गाणं नाही, आवाज नाही, तोंडसुद्धा नाही. नुसते हात. दादरच्या एका हॉलमध्ये लोक अर्ध्यातून उठून गेले. पोराने ठरवलं, कॅमेरा विकायचा आणि शिवडीच्या गोदामात नोकरी धरायची. जाता जाता एकदा आपल्या गल्लीत दाखवू, म्हणून मांडवापुढे पांढरं कापड बांधलं.

गल्लीतला सिनेमा आपण कसा बघतो? कापडाच्या दोन्ही बाजूंनी! पुढे पुरुषमंडळी, मागे बायका. पुढून आरडाओरडा सुरू झाला, “आवाज सोड रे!” “हिरॉइन गावाला गेली काय?” तोंड लपवायला सौमित्र मागे बायकांत जाऊन उभा राहिला.

तिथे बसल्या होत्या आपल्या शेवंतीकाकू. त्यांचे यजमान रघुनाना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पडद्यावर एक तळवा आला. तंबाखू मळतोय, वाकडं बोट वर धरलेलं. काकू ताडकन उठल्या.

“हो हात ह्यांचोच! पण वाकडा बोट उजव्या हाताक कसा? ह्यांचा डाव्याक होता. नाय, दुसऱ्याच कोणाचो तरी.” आणि डोळे पुसत घराकडे निघाल्या.

सौमित्र धावला. “काकू, थांबा! मागून सगळं उलटं दिसतं. पुढे चला.” हाताला धरून त्यांना पुढे आणलं, मशीन थांबवलं, रीळ मागे घेतलं. पुन्हा तळवा आला. डावा.

टिंगल करणाऱ्यांनीच सरकून काकूंना पुढे जागा करून दिली. काकू एवढंच म्हणाल्या, “परत लाव रे, बाबा.”

किती वेळा लावलं, कोण मोजतंय? कॅमेरा मात्र विकला गेला नाही. पुढचे सगळे सिनेमे त्यातून आले. परदेशात ते कुणाला किती कळले, मला ठाऊक नाही. मलाच अजून पुरते कळत नाहीत! पण सौमित्र, तुझा प्रत्येक सिनेमा आधी आपल्या गल्लीत लागला, कापडावर, दोन्ही बाजूंनी. आमच्या माणसांचे हात तू जपलेस, बाळा. हे उपकार आम्ही मिरवणार, फेडणार नाही.

मांडववाले, चहावाले, पाहुणे, सगळ्यांचे आभार. म्हातारा बोलण्याच्या भरात घसरला असेल, तर पोटात घाला.

आता तोच तुकडा इथे कापडावर लावणार आहोत. शेवंतीकाकूंसाठी पुढची खुर्ची राखली होती. पण त्या मघाशीच मला म्हणाल्या, “तात्या, माझी खुर्ची मागे टाक. थयच भेटले होते ते माका.”

तेव्हा मंडळी, वाट द्या. काकूंना मागे जायचंय.