धुराडी

फ्रेमच्या दुकानात नंबर लावून बसलेल्या लंकाबाईंचे कान पुढच्या मामी-भाचीकडे लागले होते.

“परवा पाहुणे तुला बघायला येणार. तुझ्या हातचं हे नदीचं चित्र भिंतीवर दिसायला हवं. पण पाणी जांभळं कसं गं?”

“मे महिन्यात एकलहऱ्याला तसंच दिसतं, मामी. उन्हात उभं राहून बघा.”

“मागची धुराडी तरी फ्रेमखाली दाबून टाक.”

“वीजकेंद्राच्या त्या धुराड्यांखाली राबून बाबांनी जन्म काढला.”

“ते पाहुण्यांना कशाला? मुलगा बँकेत आहे.”

“मग त्याला आधीच दिसू दे.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“पोहे खाऊन जातील.”

फ्रेमवाल्याने चित्रावर पट्टी ठेवली.

“ताई, वर कुठवर घेऊ?”

“धूर संपतो तिथवर.”