शेवटून दुसरा रकाना

(साक्री तालुक्यातलं खेडं, १९८९. चुलीपाशी कलाबाई, तिची लहान मुलगी बेबी आणि धुळ्याला बी.एस्सी. करून आलेला कलाबाईचा दीर अभिमन. भिंतीवर त्याने अकरावीत कोळशाने काढलेली आवर्तसारणी.)

अभिमन : अर्धं राहीपर्यंत? वहिनी, अर्धं आटवता तुम्ही?

कलाबाई : मंग! गये साल भागाबाईना पोऱ्या हगवनमा गया. तवपासून बेबीले कच्चं पानी देत नही मी. काढासारखं उकयस. हिना मोठा भाऊ छगनना दात तपकिरी व्हयनात, हिना तरी पांढरा राहोत.

अभिमन : छगनचे दात पाण्यानेच गेले. आपल्या बोअरचं पाणी मी कॉलेजात तपासलं. फ्लोराइड आहे त्यात. खूप.

कलाबाई : उकयं म्हंजे मरस ना ते?

अभिमन : जंतू मरतात. हा जंतू नाही. वाफ उडून जाते, हा खालीच राहतो. अर्धं पाणी राहिलं की जवळजवळ दुप्पट.

कलाबाई : दुप्पट? मन्ही बेबीले?

अभिमन : हे बघा, तक्त्यात. डावीकडून उजवीकडे गेलं, खालून वर गेलं, की दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढायची ताकद वाढत जाते. विद्युतऋणता म्हणतात.

कलाबाई : दर दिवायीले भिंत सारवस, तेवढं सोडीसन. तुमना अभ्यास म्हनीसन.

अभिमन : शेवटून दुसरा रकाना, सगळ्यात वर. फ्लोरीन, पाण्यातल्या फ्लोराइडमधला हाच. त्याच्याइतकं ओढणारं कोणी नाही. दातांतलं कॅल्शियम पार इकडे डावीकडे, सहज देऊन टाकणारं. म्हणून दोघं घट्ट धरतात.

कलाबाई : आनि त्याना शेजारे कोन शे? शेवटला?

अभिमन : निऑन. तो कोणाचं घेत नाही, कोणाला देत नाही.

कलाबाई : आपला सरपंच.

अभिमन : वहिनी, हसू नका.

कलाबाई : मी कोठे हसी राहिनी? बरं, हिना दूधना दात शेतस. ते पडतीन, मंग नवा चांगला येतीन.

अभिमन : नवे आत्ताच बनताहेत. हिरडीच्या आत. याच पाण्यावर.

कलाबाई : गावनी विहीर तर कोरडी पडनी. दुसरं पानी कोठेन आनू?

अभिमन : निदान आटवू नका. झाकण ठेवून चांगली एक उकळी आणा आणि उतरवा.

कलाबाई : मंग जाई ते?

अभिमन : नाही. आहे तेवढंच राहील.

कलाबाई : इतलं शिकनात भाऊ. काढता येत नही?

अभिमन : तुरटी-चुन्याने काढतात, वाचलंय. कोणी केलेलं पाहिलं नाही. सरांना विचारलं, त्यांनीही नाही. प्रमाण चुकलं तर काय होईल, मला सांगता येत नाही.

कलाबाई : तक्ताना कोपरामधलं नाव मातर बरोबर सांगतस.

अभिमन : हो. तेवढं येतं.

बेबी : माय, पानी दे ना.

कलाबाई : थांब जरासं.

बेबी : माय, पानी!

कलाबाई : भाऊ, पोर मांगी राहिनी. देऊ ना?