आपण म्हणजे कोण?

...आणि वर मलाच म्हणते, "अगं, आपण एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं!" आपण! आता मला सांगा, हे ‘आपण’ म्हणजे कोण? मनाला लावून घेतलं होतं मी, एकटीने, स्वखर्चाने, त्यात तिचा वाटा शून्य, आणि तरी उपदेश करताना बाई ‘आपण’!

हसू नका. तुम्ही ज्या खुर्च्यांवर बसून हसताय ना, त्यासुद्धा ‘आपण’च मांडल्यात. मघाशी मी इथे पोचले तर तुमचे आयोजक दारातच हात जोडून उभे. "या, या, लवकर आलात, फार बरं झालं, आपण जरा खुर्च्या मांडून घेऊया!" एवढं बोलून जे माईकवाल्याला फोन करायला गेले, ते शेवटची खुर्ची लागल्यावर उगवले. "वा! छान मांडल्या हं आपण!" ...हो, तिसऱ्या रांगेतल्या काका, तुमच्या खुर्चीचा तो डावा पाय डुगडुगतोय, मला माहीत आहे. आमची ओळख झालीये.

तर मूळ मुद्दा. आम्ही तिघी एका घरात भाड्याने राहतो. मी, एक नर्स, आणि माझी कॉलेजची मैत्रीण, जिला मी मनातल्या मनात, आणि आता तुमच्यासमोर जाहीरपणे, ‘आपणबाई’ म्हणते. नर्स दवाखान्यात असते. आपणबाई लोकांचे समारंभ पार पाडणाऱ्या एका कंपनीत आहे, म्हणजे फुलं कुठे, दिवे कुठे, पाहुणे कुठे, हे बोट दाखवून सांगणं हाच तिचा व्यवसाय, आणि बोट ती घरी येतानाही घेऊन येते. मी व्याकरणात एम.ए. आहे आणि शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. म्हणजे तुमच्या मुलांच्या पुस्तकात एखादी वेलांटी चुकली नसेल, तर ती माझ्यामुळे. आणि चुकली असेल, तर लेखकामुळे.

आता आपल्या भाषेची श्रीमंती बघा. ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत. केवढी सुसंस्कृत सोय आहे ही! नुसत्या सर्वनामाने माणसाला घरात घेता येतं किंवा उंबऱ्याबाहेर ठेवता येतं! आणि या सोयीचं आपणबाईने काय केलं? "आपण गॅस पुसायला हवा गं." "आपण मोरीतले केस काढायला हवेत गं." केस कोणाचे? कमरेपर्यंत कोणाचे आहेत? माझे बघा, हे एवढे, मानेवर... मोरीपर्यंत पोचायला त्यांना रजा काढावी लागेल! पण काढणार कोण? आपण. आणि शनिवारी संध्याकाळी बाई अत्तर मारून निघाली, की दारातून, "येते हं, आम्ही सिनेमाला चाललोय!" आम्ही! मोरीला ‘आपण’, सिनेमाला ‘आम्ही’! चार वर्षं एका बाकावर बसलो, तिला व्याकरण येत नाही असं मला वाटायचं. तुम्हाला सांगते, तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

तरी मी गप्प होते. खरंच. माझा जीव फक्त एका गोष्टीत होता, आणि ती म्हणजे रविवार. नोकरी लागली की माणूस श्रीमंत होतो असा माझ्या आईचा समज आहे. "आता काय बाई, कमावती तू!" मी कमावते, आई, पण पगार माझ्या खात्यात फक्त कपडे बदलायला थांबतो, मग लगेच बाहेर पडतो. भाडं, वीज, बसचा पास... मौजमजा म्हणून उरतो तो एक रविवार. त्याला तिकीट नाही. खिडकीशी बसायचं, पाय वर घ्यायचे, आणि ज्यात एकही चूक मला काढायची नाही असं पुस्तक वाचायचं. एवढंच. त्यासाठी मी पहिल्या बोनसमध्ये खुर्ची घेतली. आरामखुर्ची! लाकडी दांडे, पाठीला जाड कापड, मान टेकली की मान विचारते, इतके दिवस कुठे होतीस? दुकानदार म्हणाला, "ताई, घरपोच हवी तर भाडं वेगळं." म्हटलं, राहू द्या. डोक्यावर घेऊन आले. चौकात दोन रिक्षावाल्यांनी वाट दिली, आणि एकजण ओरडला, "बसून जा की, मावशी!" मावशी! माझं वय काय! पण खुर्चीखातर तेही ऐकून घेतलं.

घरी आणून टेकवते न टेकवते, तोच आपणबाई बाहेर आली, आणि बसली. मी अजून बसले नव्हते हो! माझ्या डोक्यावरचे केस अजून चपटे होते! आणि बसून, डोळे मिटून म्हणते कशी, "आहाहा... आपण काय मस्त खुर्ची घेतली गं!"

आता मला सांगा, हे ‘आपण’ म्हणजे कोण?

तिथवर मी सहन केलं. संध्याकाळी नर्स आली, तिला आपणबाई म्हणाली, "बघ, आम्ही खुर्ची घेतली." ठीक आहे, या ‘आम्ही’त मी असू शकते, व्याकरण तशी मुभा देतं. पण रात्री फोनवर तिच्या मावशीला... मी दात घासत होते, नळ बंद केला, नीट ऐकलं... "मावशी, अगं मी खुर्ची घेतली!" सकाळी ‘आपण’, संध्याकाळी ‘आम्ही’, रात्री ‘मी’! एका दिवसात माझी खुर्ची माझ्या बुडाखालून अनेकवचनातून एकवचनात गेली! तोंडात पेस्ट होती म्हणून, नाहीतर त्या रात्री मी जे बोलले असते ते कुठल्याही शब्दकोशात छापायची कोणाची हिंमत झाली नसती.

त्या क्षणी मी ठरवलं. सूड. साधासुधा नाही. व्याकरणशुद्ध सूड.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आपण दूध आणायला हवं गं." मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हो. आपण आणायला हवं."

"संपलंय."

"हो ना. संपलंय आपलं."

"मग?"

"मग काय?"

"मग आपण आणूया ना!"

"आणूया की!"

आणि दोघी बसलो. ती माझ्याकडे बघते, मी खिडकीकडे बघते. काय सुंदर सकाळ होती ती! पुढे हेच चालू. "आपण कचरा टाकायला हवा." "नक्कीच हवा." "आपण फ्रीज पुसूया." "अवश्य पुसूया." मी तिचा एकही प्रस्ताव फेटाळला नाही. सर्व ठराव एकमताने मंजूर, अंमलबजावणी शून्य! कचऱ्याच्या पिशवीने बाळसं धरलं. मोरीत पाणी थांबून विचार करायला लागलं. मध्ये बिचारी नर्स सकाळी ड्यूटीवरून आली, फ्रीज उघडला, बंद केला, काळा चहा करून घेतला, आणि कप हातात धरून आमच्या दोघींकडे बघत म्हणाली, "तुमच्या व्याकरणात माझं दूध गेलं."

तेवढ्यात बातमी आली. आमच्या घरमालकीण काकू, खालच्याच मजल्यावर राहतात, जन्मभर मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या... त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, "भाड्याचा करार संपतोय. रविवारी येऊन घर बघेन. नीट ठेवलं असेल तर पुढे चालू, नाहीतर दुसऱ्या मुली रांगेत आहेत." आता या किमतीत खिडकीचं घर पुन्हा मिळणं अशक्य, हे मी शहर पालथं घालून शिकलेय. घर गेलं तर खुर्ची कुठे ठेवू? डोक्यावर?

आपणबाई म्हणाली, "काळजी करू नकोस गं! आपण शनिवारी घर चकाचक करून टाकू!" आणि शनिवारी? अत्तर. दार. "आम्ही जरा फिरून येतो हं!"

तेव्हा मी घर आवरलं. माझं. फक्त माझं! गॅसची डावी शेगडी मी घासली, आरशासारखी. उजवी, तिची, तशीच ठेवली, कोळशासारखी. ओट्यावर मधोमध रेघ, इकडे लख्ख, तिकडे चिकट. मोरीतला माझा कोपरा, कपाटातला माझा कप्पा, चपला ठेवायच्या फळीची माझी बाजू. नर्सचंही सगळं पुसलं, कारण दुधाची भरपाई. नर्स दारात उभी राहून म्हणाली, "अगं मास्तरणी, ही सीमा नेमकी कुठून जाते? मला बाथरूमला जायचंय."

माझी योजना अशी, की काकू येणार, बघणार, आणि विचारणारच, हे असं अर्धं का? आणि मग मी, अत्यंत सौम्य आवाजात, सगळं सांगणार. उदाहरणांसहित.

रविवारी काकू आल्या. त्या आल्या की दारसुद्धा सरळ उभं राहतं. एक बोट पुढे, ते बोट फळीवरून फिरवलं, उचललं, उजेडात धरलं. ओट्यापाशी थांबल्या. डावी शेगडी बघितली. उजवी शेगडी बघितली. पुन्हा डावी. चष्मा काढून पुसला, त्यांना वाटलं काचेतच काही आहे. मग वळून, "मुलींनो, या घरात कामं कोण करतं?"

आला! माझा प्रश्न आला! मी श्वास घेतला... आणि माझ्या आधी आपणबाई, मध ओतल्यासारखी, "अय्या काकू, आपण सगळ्याजणी मिळूनच करतो!"

चुकली. चुकली हो! इथे ‘आम्ही’ हवं! काकूंना सांगायचं तर ‘आम्ही’! सवयीने ‘आपण’ निसटलं तिच्या तोंडून. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा सर्वनाम चुकवलं होतं, आणि तुम्हाला सांगते, मुद्रितशोधकापुढे चूक पडली ना, की त्याचा हात थांबत नाही. मी पुढे झाले, आणि विषाच्या गोडव्याने म्हणाले, "काकू, ऐकलंत ना? ‘आम्ही’ नाही म्हणाली ती, ‘आपण’ म्हणाली. आणि ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो. म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे, या घरातली कामं तुम्हीसुद्धा करता!"

झालं. सापळा मिटला. आता काकू तिला फाडून खाणार. मी वाट बघत उभी.

काकूंनी पुढे केलेलं बोट खाली घेतलं. मग हळूच आरामखुर्चीपाशी गेल्या, दांडा चाचपला, बसल्या. आणि म्हणाल्या, "खरंच गं. मला पण धरलंत तुम्ही?" पुन्हा चष्मा काढला. "निवृत्त झाल्यापासून मला कुणी ‘आपण’मध्ये धरलंच नाही. सगळे म्हणतात, तुम्ही बसा, तुम्ही राहू द्या, आम्ही करतो..."

आता अशा वेळी तुम्ही काय बोलला असता? माझी पुढची सगळी उदाहरणं तयार होती. मी जाऊन पंखा लावला.

"करार चालूच ठेवा," काकू म्हणाल्या. "आणि मी येत जाईन. दर रविवारी. आपण मिळून घर वळणावर आणू."

दर रविवारी!

तेव्हापासून दर रविवारी सकाळी घंटा वाजते. काकू माझ्या खुर्चीत बसतात, पाय वर घेतात, बोट पुढे करतात, आणि, "चला मुलींनो, आज आपण खिडक्या!" "आज आपण माळा!" "आज आपण त्या मोरीचं मूळ बघू!" नर्सने रविवारची ड्यूटी मागून घेतली आहे. दवाखान्यात असं आजवर कोणी मागितलं नव्हतं, म्हणून तिचा सत्कार व्हायच्या बेतात आहे. आपणबाईचा शनिवार बुडतो, कारण रविवारी उठायचं असतं. ती फरशीवर गुडघे टेकून, केस बांधून, नखांची काळजी सोडून घासते... पाहिलंय मी. स्वतःच्या डोळ्यांनी, अगदी जवळून. इतका परिपूर्ण सूड मी कधी कल्पिला नव्हता. फक्त इतकं जवळून दिसतो, कारण शेजारच्या फरशीवर गुडघे माझे असतात.

परवाच्या रविवारी ब्रश थांबवून, घाम पुसत, ती माझ्या कानाशी कुजबुजली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "अगं... हे ‘आपण’ म्हणजे नेमकं कोण गं?"

मी म्हटलं, "आपण."

वर खुर्चीतून आवाज आला, "बोलू नका गं. आपण घासतोय ना?"

...तर असं आहे. आजही रविवारच. कार्यक्रम आहे असं सांगून निसटले. माझ्या खुर्चीत आत्ता काकू असतील, म्हणून म्हटलं निदान तुमच्यासमोर उभी तरी राहीन. ऐकून घेतलंत, उपकार झाले. मघाशी आयोजक सांगून गेलेत, की हॉल रिकामा करून द्यायचाय, खुर्च्या घडी करून त्या कोपऱ्यात रचायच्यात. तर चला, उठा सगळे... तिसऱ्या रांगेतले काका, तुमची डुगडुगणारी खुर्ची तेवढी इकडे द्या, मी बसते तिच्यावर.

हं. आता आपण उचलूया.